पलेहितीच्या तोंडचं पाणी

मी पलेहिती बोलतेय. लाइट गेली आहे, म्हणून तोंड रिकामं आहे. एरवी पाणी वाहत असताना बोलायची फुरसत मला कधी मिळाली नाही. पाण्याचा आणि लाइटचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. माझ्या आयुष्याची पहिली कित्येक वर्षं तो नव्हताच. आता आहे, आणि तेच माझं दुखणं आहे.

नेपाळातल्या आमच्या शहराचं नाव यल. बाकीचं जग त्याला पाटण म्हणतं. इथे पाण्यासाठी वर बघत नाहीत, खाली उतरतात. रस्त्याच्या कडेला विटांनी बांधलेला चौकोनी खड्डा, उतरायला पायऱ्या, आणि तळाच्या भिंतीतून बाहेर आलेलं दगडी मगरीचं तोंड. अशा धारेला आम्ही हिती म्हणतो. तोंडाखाली एक कमळ कोरलेलं आहे, आणि पले म्हणजे कमळ. झालं माझं नाव.

दिसायला मी काही देखणी नाही. सोंड हत्तीची, दात मगरीचे, भुवया रागीट. ज्या पाथरवटाने मला घडवलं त्याची बायको म्हणे अशीच बघायची. तो मनाने चांगला होता. माझ्या जबड्याची आतली बाजू कोणाला दिसणार नव्हती, तरी त्याने ती तळहाताने घासून घासून गुळगुळीत केली. पाण्याला खरचटू नये म्हणायचा.

आमचं खोरं म्हणजे डोंगरांच्या मधोमध ठेवलेली परात. दक्षिणेला फुलचोकी, उत्तरेला शिवपुरी, आणि शिवपुरीच्या पाठीशी बर्फाची रांग. बर्फ मी कधी पाहिलेलं नाही. मी खड्ड्यात असते. पाणी भरायला आलेल्या बायका वरून उतरताना म्हणायच्या, “आज हिमाल लख्ख दिसतोय गं,” तेवढंच माझं दर्शन.

या परातीत पूर्वी तळं होतं. मंजुश्री बोधिसत्त्वाने चोभारपाशी तलवारीने डोंगर कापला आणि तळं वाहून गेलं. तळ्यातले नागही निघाले, पण सगळेच कुठले जातात? काही जमिनीत शिरून राहिले. तळ्याचा तळही मागे राहिला: काळी, चिकट, लोण्यासारखी माती. शेतकरी ती खणून खत म्हणून वावरात टाकतात. माझ्या काळच्या माणसांनी तिचा आणखी एक गुण हेरला होता. तिच्यातून पाणी पाझरत नाही.

म्हणून दक्षिणेच्या डोंगरातून राजकुलो, म्हणजे राजाचा कालवा, आणला, त्याचं पाणी शहराबाहेरच्या तळ्यात मुरवलं, आणि तिथून जमिनीच्या पोटातून विटांचा पाट काढला. पाटाला आतून बाहेरून या काळ्या मातीचा लेप दिला. शेवटी माझ्या पाठीशी एक दगडी हौदी, तिच्यात वाळू आणि कोळसा. हौदी भरली की पाणी माझ्या तोंडात. हे सगळं अंधारात चालायचं. माणसांना दिसायचं ते फक्त माझं तोंड, आणि कौतुकही त्याचंच व्हायचं.

त्या दिवसांत या एवढ्याशा परातीत तीन राजे होते. काठमांडूचा एक, भक्तपूरचा एक आणि आमचा यलचा. तिघे एकमेकांना पाण्यात पाहायचे. पण त्यांच्या जळफळाटात आमचं भलंच झालं. एकाने देऊळ बांधलं की दुसरा त्याहून उंच बांधणार, एकाने हिती खणली की दुसऱ्याला झोप नाही. माझा जन्मही अशाच एका जळफळाटातला आहे. राजाने माझ्या शेजारी शिलालेख बसवला: जो या पाटाला इजा करील त्याला पाच महापापं लागतील, जो राखील त्याचं कुळ वाढेल. ती लिपी आता कोणाला वाचता येत नाही. परवापर्यंत त्या दगडावर साबणाची वडी ठेवत.

मग पश्चिमेकडून गोरखाली फौज आली. तिन्ही राजे गेले, राजधानी बागमतीपलीकडे काठमांडूला गेली, आणि यल नुसतं म्हातारं शहर उरलं. पाणी मात्र कुठे गेलं नाही. राजा बदलल्याचं पाण्याला सांगायला कोण जातो? आमच्या विक्रम संवतातल्या एकोणीसशे नव्वद सालच्या मोठ्या भूकंपात वरची देवळं पत्त्यांसारखी कोसळली. माझं पाणी तेवढं गढूळ झालं आणि थोड्या दिवसांनी निवळलं.

माझ्या पायरीवर मी काय काय ऐकलंय! सासवांच्या चहाड्या, सुनांची रडगाणी, मयतीहून आलेल्यांचं न बोलता अंघोळ करणं. आणि पहाटेची नीलः. घरातल्या देवाला वाहायचं शुद्ध, कोणी न शिवलेलं पाणी, ते नीलः. उजाडायच्या आत घरातली बाई कोणाशी न बोलता माझ्याकडून ते घेऊन जायची. वाटेत शेजारणीने हाक मारली तरी ओ द्यायची नाही. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या बायका तेवढा वेळ गप्प. मला फार गंमत वाटायची.

आमचा टोल, म्हणजे मोहल्ला, ज्यापूंचा, शेतकऱ्यांचा. ज्यापू बैल जुंपत नाहीत, नांगर धरत नाहीत. ते कूने शेत करतात. कू म्हणजे आखूड दांड्याची, रुंद पात्याची कुदळ. त्यांच्यात एक वाक्य बापाकडून मुलाकडे चालत आलेलं आहे: कू जाते तेवढीच जमीन आपली, त्याखालची नागाची. माझा पाट कुठून कुठे जातो हे कोणाच्या कागदावर नव्हतं. गरजच नव्हती. कूचं पातं जिथे थांबतं त्याच्या खूप खालून पाट जायचा, आणि ते वाक्य त्याची राखण करायचं.

नागही वर्षातून एकदा बाहेर जातात. जेठ महिन्यात सिठी नखःचा सण येतो. त्या दिवशी नाग आपल्या कुळाच्या पूजेला जातात, घरी कोणी नसतं. म्हणून विहिरी, तळी, पाट, हिती सगळं त्याच दिवशी साफ करायचं. एरवी पाण्यात हात घातला तर नागाला त्रास. पुरुष चिखलाने माखायचे, बायका उडदाचे वः तव्यावर थापायच्या, ऐल्याचा, घरच्या दारूचा, घोट फिरायचा, आणि माझे दात कोणीतरी काथ्याने घासून द्यायचं. वर्षभरात माझं तोंड तेव्हाच धुतलं जायचं.

आता बेखालाल डंगोलची गोष्ट सांगते. मला जे सांगायचंय ते हेच आहे.

माझ्या मागच्या अंगाला त्याचं वावर होतं. मुळा, लसूण, फुलकोबी. खांद्यावर खर्पनची कावड घेऊन तो माझ्या पायऱ्या उतरायचा, भाजी धुवायचा, आणि धुऊन झालं की आधी मला ओंजळभर पाणी वाहून मग स्वतः प्यायचा. माझा पाट त्याच्याच वावराखालून जातो, हे त्याला त्याच्या बापाने सांगितलं होतं. त्याने ते बायकोला, न्हुछेमायाला, सांगितलं होतं. टोलात बाकी कोणाला ठाऊक नव्हतं.

संवत दोन हजार बहात्तरचा भूकंप आला आणि त्यांचं घर बसलं. पाणी पुन्हा गढूळ झालं, पुन्हा निवळलं. म्हातारा-म्हातारी वावरात ताडपत्रीखाली राहू लागली. तेवढ्यात मुलगा निरोज कतारहून परतला. तिकडे तो खणायचं मशीन चालवायचा. हात बसलेला, डोक्यात नकाशे.

एकदा बापलेक माझ्या पायरीवर बसून बोलत होते.

“बा, वावरातच बांधू. चार मजले. खाली तळघर, वर दुकान, त्याच्यावर आपण.”

“बांध की. तळघर कशाला?”

“जागा कमी आहे बा. वर जाता येत नाही तर खाली जायचं.”

“कू जाते तेवढीच आपली.”

“आणि खालची नागाची, माहितीये.” निरोज हसला. “नागाच्या नावाचा लालपुर्जा आहे का? आणा दाखवा, मी मालपोत कचेरीत जाऊन त्याला नमस्कार करतो.”

बेखालालही हसला. लालपुर्जा म्हणजे जमिनीच्या मालकीचा कागद, आणि नागाकडे तो नव्हता. पण हसून झाल्यावर त्याने माझ्याकडे बोट केलं.

“खाली पाट आहे रे.”

“कुठे? दाखवा ना. माझ्या बापाने सांगितलं, त्याच्या बापाने सांगितलं. अहो, तिकडे मी मैलभर वाळू खणली. कोणाचं काही तुटलं नाही.”

“वाळूखाली कोणी राहत नसेल.”

“बा, ताडपत्रीखाली आणखी किती पावसाळे? मांची छाती ऐकलीत का रात्रीची?”

  न्हुछेमाया नीलः घ्यायला यायची तेव्हा पायऱ्या चढताना तिचा श्वास शिट्टी वाजवायचा, ते मी ऐकलं होतं.

मग त्या भल्या माणसाला एक युक्ती सुचली. अशी चूक करायला ज्यापूच असावं लागतं. दुसऱ्या कोणाला नाग ठाऊक नसतो म्हणून तो खणतो. बेखालालला नाग ठाऊक होता, म्हणून त्याने खणायचा मुहूर्त काढला. बायकोला म्हणाला, “सिठीच्या दिवशी नाग घरी नसतो. त्या दिवशी खणलं तर त्याला इजा व्हायची नाही. दोष लागायचा नाही.”

न्हुछेमाया घागर माझ्याखाली धरून उभी होती. घागर भरून वाहायला लागली तरी तिला भान नव्हतं.

“घरी नसतो म्हणून घर खणायचं?” ती म्हणाली. “आपण कुळाच्या पूजेला गेलो आणि मागे शेजाऱ्याने आपली चूल उपटली, तर चालेल का हो तुम्हाला?”

“तू गप बस. मुलाच्या संसाराचा प्रश्न आहे.”

“मी गप बसते. पण तो परत आला की कुठे राहील, तेवढं सांगा.”

 पुढच्या सिठीला टोलातली माणसं मला घासत होती, वः तळल्याचा वास येत होता, आणि मागे वावरात मशीन सुरू झालं. निरोज स्वतः चालवत होता. बेखालालने कडेला अबीर, तांदूळ, फूल वाहिलं होतं. नाग गावाला गेला आहे, एवढ्याच खात्रीवर.

मला कळलं. दगडाला कळतं. आधी पाठीशी थरथर झाली, मग काळी माती फाटल्यासारखी झाली, मग पाण्याचा आवाज बदलला. एखाद्याच्या तोंडचं पाणी पळालं असं माणसं घाबरलेल्याबद्दल बोलतात. माझ्या बाबतीत ते अक्षरशः झालं. सण संपायच्या आत माझी धार करंगळीएवढी झाली, आणि रोपं लावायचे दिवस आले तोवर थेंबही उरला नाही.

टोलाने भूकंपावर खापर फोडलं. “जमीन आतून हललीय, आता उशिरा परिणाम दिसतोय,” असं जो तो म्हणू लागला. तरुणांनी वरच्या गल्लीत दोन ठिकाणी खणून पाहिलं. तिथे पाट नव्हताच, सापडणार कुठून! बेखालाल त्या खड्ड्यांच्या काठावर उभा राहून बघायचा. एकदाही म्हणाला नाही की इथे नाही, तिथे. मी त्याच्यावर तेव्हा फार चिडले. आजही तो भाग आठवला की माझ्या भुवया आहेत त्याहून रागीट होतात.

कोरड्या हितीचं काय होतं ते सांगायला नको. चाऊचाऊची रिकामी पाकिटं, बाटल्या, कबुतरांची घाण. एक कुत्री माझ्याखाली व्याली, तेवढीच सोबत. वर रस्त्यावर टँकर यायचा, आणि ज्या बायका माझ्यापाशी तासन्‌तास गप्पा मारायच्या त्या तिथे रांगेत भांडायच्या. तिथे नवा वाद निघाला: टँकरचं पाणी नीलः होतं का? कोणी म्हणे होतं, देवाला काय कळतंय. कोणी म्हणे नळीतून आलेलं, दहा हातांनी शिवलेलं, ते कसलं नीलः?

लानीमायाची जीभ टोलात सगळ्यात तिखट. एकदा ती रांगेतूनच ओरडली, “ए, ती न्हुछेमाया कधी रांगेत दिसत नाही बघा! देव उपाशी ठेवलाय, का देवाने तिला वेगळा टँकर धाडलाय? कुठेतरी पाणी मुरतंय, सांगून ठेवते!”

बायका हसल्या. मीही मनात हसले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे न्हुछेमाया पायऱ्या उतरून माझ्यासमोर आली. ती रोजच यायची, कचरा बाजूला सारून फूल ठेवायची. त्या दिवशी तिच्या हातात पितळी करुवा होता. तिने ओंजळभर पाणी माझ्या तोंडात सोडलं आणि डोळे मिटून उभी राहिली.

ते पाणी माझ्या जबड्यातून ओघळलं, आणि मी हादरले. काळ्या मातीचा तो वास, शेवटी किंचित गोड. माझंच पाणी होतं ते.

मग मी कान दिला. निरोजचं घर आता उभं होतं, चार मजली, गुलाबी. त्याच्या पोटात पहाटे आणि संध्याकाळी एक मोटार घुरघुरायची. मला वाटायचं दळण असेल. ते तळघरात साठणारं पाणी होतं. निरोज ते उपसून गटारात सोडत होता. पाट तुटला होता, पण पाणी आपली वाट सोडत नाही. ते रोज तिथवर यायचं आणि तिथून गटारात जायचं. न्हुछेमाया त्या नळीखाली करुवा धरायची. टोल टँकरच्या रांगेत, आणि टोलाचं पाणी गटारात.

“माफ कर गं,” ती मला म्हणाली. “मी बोलायला पाहिजे. पण नवरा त्या घरात, मुलगा त्या घरात. कुठल्या तोंडाने बोलू?”

तोंड तर मलाही होतं. काय उपयोग?

अशी काही वर्षं गेली. मग एका शनिवारी माझ्या खड्ड्यातच टोलाची बैठक बसली. टोल सुधार समितीचा दिलेंद्र उभा राहिला. पोरगा वाईट नाही, कामाचा आहे.

“हे बघा, हिती मेली,” तो म्हणाला. “दुःख मलाही आहे. माझ्या आईने मला हिच्याखालीच न्हाऊ घातलंय. पण कचरा किती दिवस सांभाळायचा? मगरीचं तोंड काढून देवळात ठेवू. खड्डा बुजवू. वर तीस-चाळीस मोटारसायकली राहतील. गल्लीत ॲम्बुलन्स शिरत नाही हो, गाड्यांमुळे.”

कोणी विरोध करेना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी सगळ्यांची तोंडं. बेखालाल आता गुठीचा थकाली होता, टोलातल्या मंडळाचा सगळ्यात वडील माणूस. त्याच्या होकाराशिवाय दगड हलणार नव्हता. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो आपल्या टोपीची कड बोटांनी चाचपत होता.

“थकाली अजा, तुमचं काय?” दिलेंद्रने विचारलं.

बेखालालने होकाराला मान हलवायला सुरुवात केली. ती अर्धी मान मी पाहिली.

तेवढ्यात न्हुछेमाया पायऱ्या उतरून आली. हाकुपतासी लुगड्याचा काळा पदर कमरेला खोचलेला, हातात भरलेली घागर. तिने करुव्यात पाणी ओतलं आणि पहिल्या म्हाताऱ्यापुढे धरलं. बैठकीत पाणी द्यायची पद्धत असतेच, त्याने घेतलं आणि करुवा ओठांना न लावता वरून घशात सोडलं. मग थांबला. शेजाऱ्याकडे बघितलं. शेजाऱ्याने पाणी घेतलं, तोही थांबला.

करुवा फिरत लानीमायापाशी आला. ती प्यायली. तिखट जिभेची ती बाई, तिचे डोळे भरून आले.

“हे हिचं पाणी आहे,” ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. “पलेहितीचं. मी न्हातीधुती झाले ती या पाण्यात. कुठून आणलंस?”

 न्हुछेमायाने नवऱ्याकडे पाहिलं. साऱ्या आयुष्यात तिने त्याच्याकडे तसं पाहिलं नसेल.

बेखालाल उठला. टोपी काढून हातात घेतली.

“माझ्या घराच्या पोटातून,” तो म्हणाला. “भूकंपाने काही केलं नाही. पाट माझ्या वावराखाली होता, मला माहीत होतं. नाग घरी नसताना मी त्याचं घर खणलं. वाटलं, त्याला कळणार नाही.”

 मग एकदम सगळेच बोलू लागले. एकजण म्हणाला, याला गुठीतून काढा. लानीमाया म्हणाली, “आमची पोरं वरच्या गल्लीत खणत होती आणि तू काठावर उभा राहून बघत होतास! लाज नाही वाटली?” बेखालालने मान खाली घातली. निरोज वरून धावत आला आणि कठड्यापाशी थांबला.

“बा! घरात बोलायचं होतं. सगळ्यांसमोर?”

“घरात बोललो असतो तर घरातच राहिलं असतं,” बेखालाल म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी इंजिनियर आला. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं: पाट होता तसा करायचा तर तळघर फोडावं लागेल, आणि तळघर फोडलं तर वरचे चार मजले कोण धरणार? मग तोडगा निघाला. तळघरातल्या पाण्याला प्लास्टिकची नळी लावली, ती माझ्या पाठीशी हौदीत आणून सोडली. निरोजच्या जिन्याखाली बटण. बटण दाबलं की मोटार सुरू, हौदी भरली की माझ्या तोंडात पाणी.

खड्डा बुजला नाही. बायका परत आल्या, कुत्री गेली. थकालीची जागा दुसऱ्याला मिळाली. नाव राजाच्या दानाचं, पाणी बटणाचं. लाइट गेली की मी कोरडी. मला वाचवलं याचा आनंद मानायचा की अशी वाचवली याचं दुःख करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहाटेचं बटण बेखालाल स्वतः दाबायचा. मग खाली येऊन पायरीवर बसायचा. पाणी वाहताना बघायचा, पण पुन्हा कधी प्यायला नाही.

“प्या की घोटभर,” न्हुछेमाया म्हणायची.

“हे मी ओढून आणलेलं आहे,” तो म्हणायचा. “आपणहून आलं तर पिईन.”

गेल्या हिवाळ्यात तो आजारी पडला. माझ्या वरच्या अंगाला फल्चा आहे, चार खांबांची उघडी ओसरी; म्हातारे तिथे ऊन खात बसतात. शेवटी शेवटी त्याला घरात करमेना, तर निरोजने पाठीवर घेऊन त्याला फल्च्यात आणून झोपवलं. दुपार होती. श्वास घशात घरघरत होता. न्हुछेमायाने वाकून कान लावला, मग ताठ होऊन निरोजला म्हणाली, “पाणी मागतायत. हिच्या तोंडचं.”

निरोज बटणाकडे धावला आणि तसाच परत आला. लाइट नव्हती.

“मां, तळघरातून करुवा भरून आणू? पाणी तेच आहे.”

न्हुछेमायाने माझ्या कोरड्या तोंडाकडे पाहिलं.  मग निरोज घरात गेला आणि तळघरातून घागर भरून बाहेर आला. हौदीवरचं दगडी झाकण एकट्याने सरकवलं, घागर ओतली. परत गेला. दुसरी ओतली. हौदी मोठी, पाण्याची पातळी माझ्या तोंडापर्यंत यायला घागरीमागून घागरी हव्यात. त्याचा शर्ट काळ्या चिखलाने माखला. कतारहून आल्यापासून त्या माणसाने हाताने पाणी वाहिलं नव्हतं.

टँकरच्या रांगेतून लानीमायाने ते पाहिलं. ती रांग सोडून आली, तिने त्याच्या हातातली रिकामी घागर घेतली आणि त्याच्या तळघराकडे चालू लागली. तोंडातून एक शब्द नाही, जणू नीलः आणायला निघाली होती. तिच्यामागून दिलेंद्र, मग आणखी कोणी कोणी.

आणि मग माझ्या घशाशी पाणी आलं. मोटारीचं पाणी येतं तेव्हा मला आधी ठसका लागतो. हे तसं आलं नाही. हौदी भरून, हळूच, कडेवरून ओसंडून आलं, पूर्वी यायचं तसं. न्हुछेमायाने खाली करुवा धरला.

वर फल्च्यात तिने तो त्याच्या ओठांना लावला. बेखालालने डोळे उघडले.

“बटण कोणी दाबलं?”

“कोणी नाही,” ती म्हणाली. “आपणहून आलंय.”

तो प्यायला. घोट घशाखाली गेलेला मी ऐकला. त्यानंतर त्याने काही मागितलं नाही.

मयतीहून परतल्यावर निरोज माझ्याखाली अंघोळीला बसला. लाइट आली होती, धार जोरात होती. तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. “घर पाडणं मला जमायचं नाही, हिती. पोरं आहेत. पण आणखी खाली मी जाणार नाही, आणि माझ्या पोरांनाही कू जाईल तेवढंच सांगीन.” मी ऐकून घेतलं. नागाचं घर काही परत आलं नाही. पण बापाचं वाक्य मुलाच्या तोंडी आलं, तेवढं तरी आलं.

आता सिठी जवळ आली आहे. नाग पुन्हा बाहेर जातील, माणसं मला घासायला येतील. ज्याला घरच उरलं नाही तो कुठून निघतो आणि कुठे परततो, हे मी न्हुछेमायाला विचारलं असतं, पण तिलाही ते ठाऊक नाही. तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे: बांधा, खणा, मुलांना डोक्यावर छप्पर हवंच. पण हात पोचतो तिथे थोडं थांबून खाली कान लावा. तिथून कोणाचं तरी पाणी जात असतं, आणि ते कोणी नसताना नेता आलं तरी ते आपलं होत नाही.

पाठीशी घुरघुर सुरू झाली. लाइट आली वाटतं. बोलणं पुरे, सरका जरा, घागर लावा.